चेंडू बास्केटमध्ये गेला, पुढं काय?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखादी उंच मुलगी आहे का? असेल, तर तिच्या उंचीवरून होणारी बोलणी तुम्हाला पाठ असतील. "अगं, किती वाढतेस! आता थांब की!" "हिला नवरा शोधायचा म्हणजे शिडीच लावावी लागणार." आपण हसून सोडून देतो. मुलगी मात्र त्या दिवसापासून पोक काढून चालायला लागते.

मी मुलींच्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. बारा ते साडेतीन शाळा, उरलेला दिवस घराचा. जून महिन्यात आमच्या नववीतल्या एका मुलीची आई शिक्षकांच्या खोलीत आली. मुलगी वर्गात सगळ्यांत उंच आणि शाळेच्या बास्केटबॉल संघातली. आई म्हणाली, "बाई, तिचं नाव तेवढं खेळातनं काढा. तुमचं ती ऐकते, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "अहो, गेल्या वर्षी जिल्ह्याची ढाल तिच्यामुळं मिळाली आपल्याला!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "मिळाली ना. ढाल तुमच्या कपाटात आहे. माझ्या पोरीचं पुढं काय, ते सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगू? हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर बरं झालं असतं, असंच क्षणभर वाटलं. कॉलेजात मी खो-खो खेळत असे. बी. ए. झाले, लग्न झालं, आणि खेळ सुटला. कुणी 'खेळू नकोस' म्हणालं नाही, की 'खेळ' म्हणालं नाही. प्रमाणपत्रं विम्याच्या कागदांबरोबर एका पिशवीत आहेत. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी एकदा हाताला लागतात, तेवढंच.

त्या संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. दिवसभराचं डोक्यातलं मुलाशी बोलले, तर त्यानं फोनवर एक माहितीपट लावून दिला. 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' असं त्याचं नाव, म्हणजे बास्केटबॉलची राणी. जेमतेम बावीस मिनिटांचा. मेथी तशीच राहिली! एक सावळी, उंच, वयस्क बाई खुर्चीत बसून आपली गोष्ट सांगते, मधूनच खळखळून हसते. तिचं नाव लुसिया हॅरिस. नंतर मी तिच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं, आणि वाटलं, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे.

कापसाच्या रानातली पोर

लुसियाचा जन्म १० फेब्रुवारी १९५५चा. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे, तिथल्या मिंटर सिटी या लहानशा गावी. नावात सिटी असली तरी सगळा मुलूख शेतीचा, कापसाचा. अकरा भावंडांतली ही दहावी. वडील शेतकरी. मुलांनीही शेतात राबायचं, कापूस वेचायचा, हे ठरलेलंच. आपल्या विदर्भ-खानदेशातल्या भगिनींना हे वेगळं सांगायला नको.

घराच्या अंगणात बास्केटबॉलचं कडं लावलेलं होतं. मोठी भावंडं खेळत, त्यांच्यात ही शिरली. रात्री आईनं झोपायला सांगितलं, की पांघरुणाच्या आडून टीव्हीवर मोठ्या खेळाडूंचे सामने बघायचे. ऑस्कर रॉबर्टसन हा तिचा आवडता खेळाडू. शाळेत मात्र उंचीवरून मुलं चिडवायची. पुढं ही उंची ६ फूट ३ इंचांवर जाऊन थांबली. सवासहा फूट! बाईमाणसाला एवढी उंची म्हणजे अमेरिकेतही बोलणी खायचंच काम. पण मैदानावर उतरलं, की त्याच उंचीला मोल येई. ग्रीनवुडच्या शाळेकडून खेळताना तिनं एका सामन्यात ४६ गुण केले होते.

आता गंमत पाहा. शाळा संपल्यावर ती ज्या कॉलेजात जाणार होती, तिथं मुलींचा संघच नव्हता. म्हणजे तिचा खेळ वयाच्या अठराव्या वर्षीच संपायचा. तो वाचला तो एका कायद्यामुळं, आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या जुन्या दुःखामुळं.

जाळलेले गणवेश

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जन्मला, आणि दुसऱ्याच वर्षी जवळच्या एका महिला कॉलेजातल्या मुली तो खेळू लागल्या. म्हणजे बायका या खेळात मागून आल्या, असं नाही हं. त्यांना मागाहून बाहेर काढण्यात आलं.

मिसिसिपीतल्या डेल्टा स्टेट कॉलेजात मार्गारेट वेड नावाची मुलगी बास्केटबॉल खेळत असे. १९३२ साली कॉलेजनं मुलींचा संघच बंद केला. कारण काय, तर हा खेळ तरुण मुलींना झेपण्यासारखा नाही! मार्गारेट आणि तिच्या मैत्रिणी रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले.

पुढं चाळीस वर्षं त्या कॉलेजात मुलींचा संघ नव्हता. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. कायद्यातल्या कलमावरून त्याला 'टायटल नाइन' म्हणतात. १९७३ साली डेल्टा स्टेटनं मुलींचा संघ पुन्हा उभा केला, आणि प्रशिक्षक म्हणून बोलावलं ते त्याच मार्गारेट वेडना. वय साठीचं. गणवेश जाळणारी मुलगी आता नवे गणवेश वाटायला आली!

कॉलेजचा माणूस लुसियाला भेटला आणि त्यानं तिला या नव्या संघाकडं वळवलं. संघातल्या इतर मुली गोऱ्या. काळी म्हणजे ही एकटी. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या राज्यात काळ्यांची शाळा वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी असे, हे लक्षात घ्या, म्हणजे त्या मैदानावर पहिलं पाऊल टाकताना तिला काय वाटलं असेल, ते कळेल.

तीन वर्षं, तीन विजेतेपदं

त्या वेळी मुलींच्या कॉलेज-बास्केटबॉलमध्ये इमॅक्युलाटा कॉलेजचा दबदबा होता. १९७२ ते १९७४, लागोपाठ तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद त्यांचंच. १९७५च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटनं त्यांना ९० विरुद्ध ८१ असं हरवलं. लुसियाचे एकटीचे गुण ३२. त्या हंगामात डेल्टा स्टेटनं २८ सामने खेळले आणि २८ जिंकले. १९७६ला पुन्हा त्याच. १९७७ला पुन्हा. मधल्या काळात लागोपाठ ५१ सामने हा संघ हरलाच नाही. पुरुषांच्या सामन्यांपेक्षा या मुलींच्या सामन्यांना जास्त गर्दी होऊ लागली.

लुसियाची जागा 'सेंटर'ची, म्हणजे कड्याच्या अगदी जवळची. फळीवर आपटून परत येणारा चेंडू झेलायचा, दोघी-तिघी अंगावर येत असताना वळायचं आणि तो आत टाकायचा. लांबून पाहणाराला वाटतं, उंच आहे म्हणून जमतं. तसं नाही. चेंडू कुठं उडणार याचा अंदाज, पायांची जागा आणि धक्का खाऊन उभं राहण्याची ताकद, हे सगळं सरावानं येतं. कॉलेजच्या चार वर्षांत तिनं २,९८१ गुण केले आणि १,६६२ वेळा परतलेला चेंडू मिळवला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या नामांकित मैदानात १९७७ साली एका सामन्यात तिनं ४७ गुण केले.

याच कॉलेजात विद्यार्थ्यांनी तिला त्यांच्या वार्षिक मेळाव्याची राणी निवडलं. हा मान मिळालेली तिथली ती पहिली काळी मुलगी. उंचीवरून चिडवली गेलेली पोर डोक्यावर मुकुट घालून उभी! मला तर गुणांच्या आकड्यांपेक्षा हेच जास्त आवडलं.

माँट्रियलचा पहिला बास्केट

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ सालापासून होता. बायकांचा आला १९७६ साली, कॅनडातल्या माँट्रियलला. चाळीस वर्षांनी! अमेरिकेचा पहिला सामना जपानशी होता. त्या सामन्यात ऑलिंपिकमधल्या महिला बास्केटबॉलचे पहिलेवहिले गुण नोंदले गेले, ते लुसिया हॅरिसच्या हातून. हा विक्रम आता कुणाला मोडता यायचा नाही. पहिलं ते पहिलंच.

तो सामना मात्र अमेरिका हरली बरं का! पण संघ सावरला आणि शेवटी रौप्यपदक घेऊन परतला. सुवर्णपदक त्या वेळच्या सोव्हिएत संघाला मिळालं. अमेरिकेच्या संघात सर्वांत जास्त गुण कापसाच्या रानातल्या याच मुलीचे होते.

आणि मग आलं १९७७ साल. लुसिया बावीस वर्षांची. शिक्षण पूर्ण. तीन राष्ट्रीय विजेतेपदं, एक ऑलिंपिक पदक. पुढं काय?

आमच्या त्या आईनं विचारला, तोच प्रश्न.

पुढं काहीच नव्हतं, मैत्रिणींनो. अमेरिकेसारख्या देशात त्या वर्षी बायकांसाठी बास्केटबॉलची एकही व्यावसायिक स्पर्धा चालू नव्हती. पुरुषांच्या संघांत तिच्याच वयाची मुलं हजारो डॉलर कमवायला निघाली होती. आणि या मुलीनं पदकं पेटीत ठेवून नोकरी शोधायची होती.

१३७वं नाव

तेवढ्यात एक अजब गोष्ट घडली. अमेरिकेत पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दरवर्षी 'ड्राफ्ट' नावाचा प्रकार असतो. कॉलेजांतून बाहेर पडणारे चांगले खेळाडू सगळे संघ आळीपाळीनं आपापल्याकडं मागून घेतात. १९७७च्या ड्राफ्टमध्ये न्यू ऑर्लिअन्स जॅझ या पुरुषांच्या संघानं सातव्या फेरीत, एकूण १३७व्या क्रमांकाला नाव घेतलं: लुसिया हॅरिस! पुरुषांच्या त्या स्पर्धेसाठी अधिकृतपणे निवडली गेलेली पहिली स्त्री ती.

वर्तमानपत्रांना विषय मिळाला. लुसिया मात्र चाचणीला गेलीच नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिचं लग्न झालं होतं, शाळेपासूनच्या मित्राशी, आणि ती गरोदर होती. शिवाय तिला वाटत होतं, की हा सगळा प्रकार प्रसिद्धीसाठी असावा. आणि पुरुषांशी त्या पातळीवर टक्कर देणं आपल्याला जमेल का, याचीही तिला शंका होती.

आता इथं थांबायला हवं. आपल्या मासिकांतून, कीर्तनातून, सिनेमांतून अशा प्रसंगी एक शब्द हमखास येतो: त्याग. 'मातृत्वासाठी कीर्तीवर पाणी सोडलं!' ऐकायला गोड वाटतं. मलाही माहितीपट पाहताना डोळे पुसावेसे वाटले. पण नंतर भांडी घासता घासता विचार केला, तिनं सोडलं तरी काय? बायकांच्या संघातली जागा सोडली असती, तर तो त्याग. इथं बायकांचा संघच नव्हता. दोनच दरवाजे होते: पुरुषांच्या मैदानावर जाऊन नवलाईची वस्तू व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. आपल्या बरोबरीच्या बायकांशी खेळून सन्मानानं पोट भरायचं, हा तिसरा दरवाजा भिंतीत नव्हताच.

जॅझकडं न गेल्याचा तिला कधी पश्चात्ताप झाला नाही. माहितीपटात ती हे हसत आणि ठामपणे सांगते. तिला चार मुलं झाली, दोन मुलगे आणि दोन जुळ्या मुली. त्यांचं नाव निघालं, की तिचा चेहरा फुलतो. पण मी पुरुष असते तर मला पुढं खेळत राहता आलं असतं, असंही ती सांगते. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या तोंडून येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. आपण मात्र सोयीची तेवढी ऐकतो.

एका हंगामाचा व्यवसाय

कॉलेजनं तिला प्रवेश विभागात नोकरी दिली आणि साहाय्यक प्रशिक्षकही नेमलं. १९७८ साली अमेरिकेत बायकांची पहिली व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाली. १९७९-८०च्या हंगामात लुसिया ह्यूस्टन एंजल्स या संघाकडून त्यात खेळली. व्यावसायिक खेळाडू म्हणून तिची सगळी कारकीर्द ती एवढीच, एक हंगाम. त्या स्पर्धेचंही आयुष्य तीनच हंगामांचं. संघ पैशांअभावी बंद पडत, खेळाडूंचे पगार थकत, आणि १९८१ साली सगळंच बंद झालं.

यात लुसियाचा काय दोष? चाल चुकली, सराव कमी पडला, असं काहीच नाही. बी उत्तम होतं, पण पेरायला जमीनच नव्हती.

मनाचं दुखणं

आता तिच्या आयुष्यातली अवघड गोष्ट. कुणी म्हणेल, ही कशाला सांगायची? पण ती तिनं स्वतः सांगितली आहे, म्हणून मीही सांगते.

खेळ थांबल्यानंतरच्या काळात तिला मानसिक आजार जडला. बायपोलर डिसऑर्डर म्हणतात त्याला. मन कधी भलतंच उसळतं, झोप लागत नाही, माणूस वाट्टेल ते करून बसतो. तर कधी दिवसच्या दिवस खोल खड्ड्यात पडल्यासारखं होतं. हा आजार खेळ सुटल्यामुळं झाला, असं म्हणणं बरोबर होणार नाही. तो कुणालाही होऊ शकतो आणि त्याला औषधोपचार आहेत. पण विचार करा, कालपर्यंत हजारो माणसं जिच्या नावानं टाळ्या वाजवत होती, तिला सकाळी उठून जायला मैदान उरलं नाही. अशा दिवसांत आजाराशी झगडणं आणखी किती जड गेलं असेल! आपल्याकडं 'वेड' म्हटलं की दारं लावून घेतात. या बाईनं कॅमेऱ्यासमोर बसून जगाला सांगितलं, की मला हे झालं होतं आणि मी उपचार घेतले. माझ्या मते ऑलिंपिकच्या पदकाइतकंच हे धैर्याचं काम.

आजाराशी झगडत तिनं संसार केला, आणखी शिक्षण घेतलं, ह्यूस्टनच्या टेक्सास सदर्न विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केलं आणि शेवटी मिसिसिपीला परतून शाळेत शिकवलं. ज्या शाळेत ती खेळायला शिकली, तिथल्याच मुलींना तिनं खेळ शिकवला.

१९९२ साली स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या सर्वोच्च मानकऱ्यांच्या यादीत, तिचं नाव आलं. खेळाडू म्हणून तिथं पोचलेली पहिली काळी स्त्री ती. त्या दिवशी तिच्याबरोबर कोण उभं होतं माहीत आहे? ऑस्कर रॉबर्टसन. पांघरुणाआडून जो टीव्हीवर पाहायची, तोच! १८ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ती गेली. दोन महिन्यांनी त्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळालं. ते पाहायला ती नव्हती.

तिसरा दरवाजा

गोष्ट इथंच संपली असती, तर मी तुम्हाला सांगितली नसती. पण पुढचं ऐका.

१९९७ साली अमेरिकेत बायकांची नवी व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, 'डब्ल्यूएनबीए'. ज्या ह्यूस्टन शहरात लुसियाची कारकीर्द एका हंगामात संपली, त्याच शहराच्या ह्यूस्टन कॉमेट्स या नव्या संघात शेरिल स्वूप्स नावाची नामांकित खेळाडू होती. स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. जूनच्या अखेरीस तिला मुलगा झाला, आणि सहाच आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, ती मैदानात उतरली. त्या वर्षीचं विजेतेपद कॉमेट्सला मिळालं, आणि पुढची तीन वर्षंही.

(सहा आठवड्यांत धावायला लागा, असं मी बाळंतिणींना मुळीच सांगत नाही बरं! तिच्यामागं डॉक्टर आणि प्रशिक्षकांचा ताफा होता. सांगायचं इतकंच, की जागा तिची वाट पाहत होती.)

कँडेस पार्कर ही अशीच दुसरी. २००८ साली पहिल्याच हंगामात ती स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. २००९च्या मे महिन्यात तिला मुलगी झाली आणि जुलैमध्ये ती परत खेळू लागली. नंतर तिनं तीन वेगवेगळ्या संघांकडून विजेतेपद मिळवलं, २०१६, २०२१ आणि २०२३ साली, आणि २०२४मध्ये निवृत्त झाली. सोळा वर्षांची कारकीर्द, आणि तीही लेक सांभाळून.

हे नुसत्या हिमतीवर झालं का? हिंमत लुसियाकडंही होतीच की! फरक कागदावर पडला. २०२० साली खेळाडूंच्या संघटनेनं स्पर्धेशी करार केला. त्यात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार, मूल असलेल्या खेळाडूला दोन खोल्यांचं घर आणि मूल सांभाळण्यासाठी वर्षाला ५,००० डॉलर अशी कलमं घालून घेतली. १९७७ साली एका बावीस वर्षांच्या मुलीला जे एकटीनं गिळावं लागलं, ते त्रेचाळीस वर्षांनी सगळ्याजणींनी मिळून मागून घेतलं.

आपल्या घरी काय करायचं?

आपल्याकडं तसं काही नाही, हे खरं. पण काहीच नाही, असंही नाही. केरळची गीतू अ‍ॅना जोस रेल्वेत नोकरीला होती, भारताकडून खेळली, ऑस्ट्रेलियातल्या संघाकडून व्यावसायिक बास्केटबॉल खेळली, आणि २०११ साली अमेरिकेत जाऊन डब्ल्यूएनबीएच्या चाचण्या देऊन आली. त्या चाचण्या देणारी ती पहिली भारतीय. आपल्या पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारताच्या संघाचं नेतृत्व केलं आहे. खेळावर नोकरी मिळण्याची वाट आपल्याकडं रेल्वेनं अनेक मुलींना करून दिली. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं, ते आधी विचारून घ्यावं आणि प्रत्येक कागद जपून ठेवावा. (माझ्यासारखा पिशवीत कोंबू नये!) दहावीला मिळणाऱ्या खेळाच्या गुणांचे नियमही शाळेत विचारावेत.

आणखी चार गोष्टी, आईच्या हातातल्या:

खेळल्यानं मुलगी ताडमाड वाढते, ही समजूत चुकीची आहे. उंची मुख्यतः आईबापांकडून येते. खेळ बंद केल्यानं ती कमी होणार नाही, फक्त पोक येईल.

मुलगी लवकर दमत असेल, तर 'आळशी' म्हणण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरांपैकी एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. पालेभाजी, कडधान्यं, हळिवाचा लाडू, खजूर द्या. जेवणात लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

उडी मारून उतरताना गुडघे ताठ ठेवू नयेत, वाकवून उतरावं. मुलींच्या गुडघ्यातले स्नायुबंध मुलांच्यापेक्षा जास्त वेळा दुखावतात. उतरायचं कसं, हे शिकवतात का, असं प्रशिक्षकांना जरूर विचारा.

आणि मुलगी कुणाबरोबर येते-जाते, सराव किती वाजता संपतो, बाहेरगावी संघाबरोबर बाई असतात का, हे विचारायला संकोचू नका. विचारणारी आई म्हणजे अडवणारी आई नव्हे.

ऑगस्टमध्ये ती आई पुन्हा भेटली, भाजीबाजारात. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि उभ्या उभ्या लुसियाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे एवढी जगात पहिली आली, तरी तिचं पुढं काही नव्हतंच की."

"नव्हतं," मी म्हटलं. "तिच्या वेळी नव्हतं. नंतरच्या मुलींना मिळालं."

"आणि माझ्या पोरीच्या वेळी?"

"थोडं आहे. पुरेसं नाही. पण ती मैदानात असेल, तरच ते वाढणार."

त्या काही बोलल्या नाहीत. कोथिंबिरीची जुडी घेतली, पैसे दिले. जाताना म्हणाल्या, "बाई, ते रेल्वेचं काय म्हणालात, ते एका कागदावर लिहून द्या मला. हिच्या वडिलांना दाखवते."

मी दुसऱ्या दिवशी लिहून दिलं. मुलीचं नाव अजून संघाच्या यादीत आहे. दहावीनंतर काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. पण 'पुढं काय?' हा प्रश्न आता त्या घरात नाव काढून टाकण्यासाठी नाही, वाट शोधण्यासाठी विचारला जातो आहे.

तुमच्या घरातल्या मुलीलाही तो विचाराल ना? मात्र विचारून झाल्यावर उत्तर शोधायला तिच्याबरोबर तुम्हीही निघा.